तारवाल्यांच्या नावाची निरवानिरव

मी, ज्याला गल्लीत आणि गल्लीबाहेर सगळे तारवाले म्हणतात, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गिटारचे पिकअप बनवणे, याद्वारे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात अजून कापत नाहीत, आणि हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी काय घाई आहे?" घाई नाही म्हणूनच आज लिहीत आहे. घाईत गुंडाळलेली तार तुटते.

वकीलबाईंनी तयार मजकूर आणला होता. त्यात ‘मानवी जीवन क्षणभंगुर असल्यामुळे’ असे वाक्य होते, ते मी काढायला लावले. अठ्ठ्याहत्तर वर्षांना क्षण म्हटले तर तक्रारीला जागा उरत नाही, आणि मला थोड्या तक्रारी करायच्या आहेत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असेल आणि विसरलो असेन, तर ते रद्द समजावे.

हा कागद वाचणाऱ्याला, मग तो न्यायाधीश असो की बँकेतला कारकून, पिकअप म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली काडेपेटीहून थोडी लांब अशी एक पट्टी बसवलेली असते. तिच्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की या वेढ्यांत वीज जागी होते, ती अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत, जाते आणि आवाज होऊन बाहेर पडते. बारीक तार कोणी गुंडाळली, किती ओढून आणि किती वेढे, यावर तो आवाज ठरतो. माझा जन्म या पट्टीत गेला.

कलम पहिले : घर.

वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खालची कारखान्याची खोली माझ्या मुलाला आणि सुनेला, दोघांच्या नावे, निम्मी-निम्मी. जिन्याचा कठडा सैल आहे हे मी कित्येक वर्षे सांगत आलो, आता तो त्यांचा कठडा आहे. खालच्या खोलीत गाडी लावू नये आणि तिची मोठी खिडकी कोणत्याही कारणाने बुजवू नये. बारीक तार दिव्याखाली दिसत नाही, तिला दिवसाचा उजेड लागतो.

कलम दुसरे : बँकेतील ठेवी.

त्या मुलाला. माझे औषधपाणी आणि अंत्यविधी यांचा खर्च आधी वजा करावा. अंत्यविधी साधा असावा, भाषणे नकोत. माझ्या नावाचे पिकअप विकणाऱ्या कंपनीचा माणूस भाषणासाठी उभा राहिलाच, तर सूनबाईने चहाचा ट्रे त्याच्यासमोर धरावा आणि तो कप उचलेपर्यंत हलू नये.

कलम तिसरे : अवजारे, आणि एक पातेले.

वेढे घालायचे यंत्र, जे मी शिलाई मशीनच्या मोटारीपासून बनवले, तारेची सर्व रिळे, चुंबक, मीटर, पकडी आणि डाग द्यायची यंत्रे सुनेला. ती या घरात आली तेव्हा तिला पिकअप आणि पंखा यांतला फरक माहीत नव्हता. एकदा मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो आणि एका गिऱ्हाइकाचे काम अडले होते. खालून यंत्राचा आवाज यायला लागला. मग तो थांबला, म्हणजे तार तुटली. मला वाटले, झाले, आता ही वर येणार आणि रडणार. जरा वेळाने यंत्र पुन्हा सुरू झाले. तिने पट्टीवरचे सगळे वेढे काढून टाकून पहिल्यापासून घालायला घेतले होते. त्या दिवशी मी तिला शिष्य मानले. तिला ते सांगायला मला दोन वर्षे लागली, कारण मी एका वेळी एवढेच गोड बोलू शकतो.

मेणाचे पातेलेही तिलाच. वेढे घालून झाले की पिकअप वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण आत शिरते, सैल वेढे जागच्या जागी बसतात. तसे केले नाही तर अँप मोठा केल्याबरोबर पिकअप किंचाळतो. पहिल्यांदा मेण वितळवायला मी बायकोचे सर्वांत आवडते पातेले न विचारता उचलले. तिने ते मला शेवटपर्यंत ऐकवले. पाहुणे आले की त्यांना ती आधी पातेल्याची गोष्ट सांगायची, मग बसा म्हणायची. तिच्या बाजूने निकाल लागला असे येथे नमूद करतो. पातेले मात्र आता धुऊन उपयोग नाही.

मेण न पाजलेल्या पिकअपची एक गंमत असते. त्याच्यापाशी तोंड नेऊन बोलले तर बोलणे अँपमधून ऐकू येते. माझी बायको कारखान्यात यायची ती याच कामासाठी. टेबलावरचा कोरा पिकअप उचलायची, ओठांशी धरायची, आणि सगळ्या खोलीत तिचा आवाज घुमायचा : "जेवायला वर येताय की मेणच खाताय?" शेजारच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीत आ करून बसलेल्या माणसालाही ते ऐकू जायचे. ती गेल्यानंतर लक्षात आले की तिचा आवाज आमच्याकडे कुठेच टिपलेला नाही. घरात इतके अँप, इतके टेपरेकॉर्डर, आणि कोणालाही सुचले नाही. ती ज्यात शेवटचे बोलली तो पिकअप मी मेणात घातला नाही. त्यात काहीही साठून राहत नाही हे मला पक्के माहीत आहे, मीच तो बनवला आहे. तरी तो माझ्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि तो मी रोज पुसतो.

हा कोरा पिकअप मुलाला द्यावा. माझा मुलगा कंपनीच्या विक्री खात्यात आहे आणि स्वभावाने लोणी आहे. लहानपणी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला तो रडत रडत थँक्यू म्हणायचा. ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडात बसत नाही. आईच्या या पिकअपसमोर बसून त्याने तो शब्द मोठ्याने म्हणायचा सराव करावा. आईने त्याला हेच शिकवायला हवे होते आणि मला वाटते ती शिकवत होती, पण तो नेमका जेवत असायचा.

कलम चौथे : जुनी येणी.

शेजारच्या दंतवैद्याने माझ्याविरुद्ध आवाजाची तक्रार तीन वेळा केली. त्याच्या ड्रिलचा आवाज माझ्या अँपमध्ये आयुष्यभर येत राहिला, मी एकदाही केली नाही. त्याला माझ्याकडून माफी आहे, पण त्याने ती मागायला यावे.

तो उंच गिटारवाला, ज्याने माझी काळी गिटार एका कार्यक्रमापुरती नेली आणि अजून त्याचा कार्यक्रम संपलेला नाही, त्याने ती आता परत करू नये. ती त्याच्या हाताला सवयीची झाली असेल. फक्त तिच्या तारा बदलाव्यात. गेल्या वेळी टीव्हीवर दिसली तेव्हा गंजलेल्या होत्या.

कलम पाचवे : नाव.

हे कलम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वकीलबाई घड्याळाकडे पाहत आहेत, पण त्यांची फी तासावर आहे.

आमच्या वडिलांचे जळालेल्या मोटारी आणि पंखे गुंडाळून देण्याचे दुकान होते. दुकानाबाहेर तांब्याच्या तारेची भेंडोळी टांगलेली असायची, म्हणून लोक त्यांना तारवाले म्हणू लागले. मग आई तारवालीण झाली, मी तारवाल्यांचा मुलगा आणि माझी धाकटी बहीण तारवाल्यांची मुलगी. तिला घरात सगळे धाकटीच म्हणायचे, मीही येथे तसेच लिहितो. नाव काही मी कमावलेले नव्हते. ते घरात होते, छत्रीसारखे, ज्याला लागेल त्याने उचलावे.

आम्ही दोघे वडिलांजवळ बसून वेढे घालायला शिकलो. कोणाची तरी मेलेली गिटार दुकानात आली आणि तिचा पिकअप आम्ही पंखा समजून दुरुस्त केला. मोटारीची कॉइल गुंडाळली की ती वार्निशमध्ये बुडवायची, ही आमच्या धंद्याची रीत, म्हणून आम्ही पिकअपही बुडवला. वार्निशने त्या नाजूक तारेवरचा लेप खाऊन टाकला आणि सकाळपर्यंत आत दगड झाला होता. मी म्हणालो, "चालेल बहुतेक." धाकटीने तारेवर बोट टेकवले, कान लावला आणि म्हणाली, "दादा, हा गेला." तेव्हापासून आमची वाटणी ठरली. वेढे मी घालायचे, आणि चालेल की नाही हे तिने सांगायचे.

तिची ऐकण्याची एक पद्धत होती. जगातले सगळे लोक पिकअप तपासताना जोरात वाजवतात, आपण कसे कडाडतो हे पाहण्यासाठी. धाकटी जेवढे हळू वाजवता येईल तेवढे हळू वाजवायची, घरात कोणी झोपले असावे तसे. त्यात जो पिकअप एकही तार विसरत नाही, तो पास. माझे निम्मे काम तिने नापास केले. वडील म्हणायचे, पोरगी नन्नाचा पाढा घेऊनच जन्माला आली. पण तिने एकदा हो म्हटले की मला दुसऱ्या कोणाला विचारायची गरज पडत नसे.

पुढे आमच्या पिकअपचा बोलबाला झाला आणि गिटारची एक मोठी कंपनी दारात आली. पिकअप त्यांच्या कारखान्यात बनणार, त्यावर ‘तारवाले’ हे नाव छापणार, आणि त्या नावाचे मला दरवर्षी काही देणार. असे करार या धंद्यात पुष्कळ होतात. माणूस घरी बसतो आणि त्याचे नाव कामाला जाते. कराराचे सगळे कागद धाकटीने वाचले. ती म्हणाली, "नाव देतोयस तर दे, दादा. पण नाही म्हणायचा हक्क हातचा सोडू नकोस." मी कुरकुरलो, पण ते कलम घालायला लावले. ते असे आहे : निर्मात्याने, किंवा त्याने लेखी नेमलेल्या व्यक्तीने, दरवर्षीचा नमुना कानाने ऐकून मान्य केल्याशिवाय या नावाचा एकही पिकअप बाजारात जाणार नाही. अशी व्यक्ती नसेल तर निर्णय कंपनीचा.

पहिला नमुना आला. मी वाजवला, मला आवडला. धाकटीने गिटार घेतली आणि आपल्या पद्धतीने हळू वाजवली.

"वरच्या दोन तारा मागे राहतात," ती म्हणाली.

"लोक जोरात वाजवतात गं. कोणाला कळतंय?"

"सगळे नाही जोरात वाजवत."

"त्यांचं यंत्र सुरू झालंय, माणसं कामाला लागलीत. आता दोन तारांसाठी थांबवू?"

"हो."

मी म्हणालो, "नाव माझं आहे आणि सहीही माझीच आहे."

"नाव माझंही आहे, दादा," असे ती म्हणाली. नेहमीप्रमाणे तिने फडक्याने तारा पुसल्या, गिटार जागेवर ठेवली आणि गेली. मी सही केली.

सही चुकली असे मी येथे लिहिणार नाही. त्या सहीवर हे घर उभे राहिले, मुलगा शिकला, आणि त्या पहिल्या खेपेचे पिकअप लोक अजून शोधत फिरतात. वरच्या दोन तारा मागे राहतात, हेही खरे आहे. तिने वेगळे म्हणावे आणि मी वेगळे, त्याने मला कधी त्रास झाला नाही. त्रास पुढच्या गोष्टीचा झाला. धाकटीने दुसऱ्या गावात वाद्यदुरुस्तीचे दुकान काढले आणि पाटीवर तारवाले लिहिणार, तोच कंपनीच्या वकिलाचे पत्र तिला गेले की वाद्यांच्या धंद्यात हे नाव आता फक्त कंपनीचे. मला ते पत्र गेल्याचे नंतर कळले. तिच्या पाटीवर ‘वाद्यदुरुस्ती’ एवढेच आहे. बापाचे नाव मी उचलले आणि तिला उघड्यावर ठेवले, असे तिला वाटत असेल, आणि वाटणे चूक आहे असे मी म्हणू शकत नाही.

मागच्या वेळी करार नवा करताना मी एकच अट घातली. धाकटीला आणि तिच्या दुकानाला हे नाव कायमचे मोकळे. कंपनीने ती मानली आणि तसे पत्र तिला रीतसर पाठवले. तिने पाटी बदलली नाही. आमच्या घरात हट्टाची वाटणी करावी लागत नाही, तो सगळ्यांना पुरून उरतो.

नावाचे पुढे काय होते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका वाद्यप्रदर्शनात मी न सांगता गेलो होतो. कंपनीच्या दालनात माझा माणसाएवढा फोटो लावला होता. मी त्यासमोर उभा राहिलो, तर एक तरतरीत मुलगी माहितीपत्रक घेऊन आली. म्हणाली, "हे तारवाले, काका. ते जाऊन बरीच वर्षं झाली."

"अरेरे," मी म्हणालो. "माणूस कसा होता?"

"कानाचे फार पक्के होते म्हणे. आवडलं नाही तर मालकालाही नाही म्हणायचे."

मी माहितीपत्रक घेतले आणि घरी आलो. तिने ज्या माणसाचे वर्णन केले ती धाकटी होती. हे सूनबाईला सांगितले तेव्हा ती आधी हसली आणि मग हसायची थांबली.

सबब, नावाचे जे वार्षिक मानधन येते ते माझ्यानंतर दोन भागांत वाटावे. एक भाग मुलगा आणि सून यांना, एक भाग धाकटीला. तिने घेतले नाही तर तिच्या नावे साठवत जावे. नाव तिचेही होते, त्यामुळे ही देणगी समजू नये आणि तिने आभार मानू नयेत. ती मानणारही नाही.

कलम सहावे : नाही म्हणण्याचा हक्क.

घर, ठेवी आणि अवजारे यांचे काहीही झाले असते तरी चालले असते. हा सगळा खटाटोप या एका कलमासाठी आहे.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक आलेख दाखवला. रेघ डावीकडे सरळ चालते आणि उजवीकडे जिना उतरल्यासारखी खाली जाते. म्हणजे जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक आवाज गेले. चहाच्या कपात चमचा फिरतो तो मला दिसतो, पण त्याचा किणकिणाट येत नाही. त्यांनी कानात घालायला यंत्र दिले आहे. त्याने माणसांचे बोलणे कळते, पण पिकअपची पारख होत नाही, ते फक्त सगळ्याच आवाजांना वर चढवते.

ज्या दिवशी तो आलेख पाहिला त्या दिवसापासून मी कंपनीच्या कागदावर सही केलेली नाही. या वर्षीचा नमुना आला आहे. तो वरच्या खणात, खोक्यात, चिकटपट्टीसुद्धा न काढता ठेवला आहे. कंपनीचे साहेब दर आठवड्याला फोन करतात. "काका, एक सही फक्त. तुम्ही ऐकायचीही गरज नाही, आमच्या इंजिनिअरनी सगळं मोजलंय." माणूस भला आहे. तो काय बोलून गेला हे त्याला कळत नाही.

मी कोणालाही न नेमता गेलो तर निर्णय कंपनीचा. मग ज्याला कोणीही नाही म्हणू शकत नाही असे आमचे नाव सगळीकडे फिरेल. म्हणून कोणाला तरी नेमणे भाग आहे.

मुलगा नाही. तो हो म्हणेल आणि वर साहेबांना जेवायला बोलावेल. तो माझा लाडका आहे, आणि म्हणूनच हे ओझे त्याच्या डोक्यावर नको.

सूनबाईचा विचार मी खूप केला. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, हे लिहून ठेवायची संधी घेतो. पण तिच्या नवऱ्याची नोकरी कंपनीत आहे. तिने एका दिवशी नाही म्हटले तर संध्याकाळी तो तोंड पाडून घरी येणार, आणि वाढायला तीच. अशा जागी तिला मी बसवणार नाही. शिवाय तिला अजून प्रत्येक पिकअपनंतर वाटते की कोणीतरी ठीक आहे म्हणावे. तिला असे म्हणणारे माणूस हवे आहे, आणि मला आता ते ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी ती, गिटारची मान वाकली आहे असे निमित्त काढून, धाकटीच्या दुकानात गेली होती. मला नंतर सांगितले. धाकटीने गिटार डोळ्यांच्या रेषेत धरली आणि म्हणाली, "मान सरळ आहे हिची. कोणी पाठवलं तुला?"

"कोणी नाही, आत्या. माझी मी आले."

"दादा अजून वहिनीच्याच पातेल्यात मेण वितळवतो?"

"हो."

"सुधारायचा नाही तो."

मग धाकटीने गिटार अँपला जोडली. त्यात सूनबाईने बनवलेला पिकअप होता, हे तिला सांगावे लागले नाही. तिने हळू, अगदी हळू वाजवले. "तार घट्ट धरतेस तू," ती म्हणाली. "चुकायला घाबरतेस. जरा सैल सोड. चार वेढे वाकडे गेले तर जाऊ देत." हेच मला सूनबाईला किती दिवस सांगायचे होते, पण शब्द सापडत नव्हते. निघताना धाकटीने विचारले, "कान कसा आहे त्याचा?" सूनबाई गिटार पिशवीत घालू लागली. धाकटी म्हणाली, "बरं," आणि दार उघडून उभी राहिली.

माझी बायको गेली तेव्हा धाकटी आली होती. मागच्या जिन्याने वर गेली, स्वयंपाकघरात उभी राहून आल्यागेल्यांचे सगळे कप विसळले, माझ्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाली. कारखान्याच्या दारात आली नाही. मी आत बसलो होतो. तिची पावले जिन्यावरून उतरताना मी ऐकली, तेव्हा मला सगळे ऐकू येत होते. उठून दार उघडायला पाहिजे होते असे माझे मन म्हणत होते. माझे पाय काही वेगळे म्हणत होते, आणि तेवढ्यात ती गेली.

सबब मी, तारवाले, करारातील त्या कलमान्वये माझी धाकटी बहीण हिला नमुना ऐकून मान्य किंवा अमान्य करण्यासाठी नेमतो. तिच्या निर्णयावर मुलाने, सुनेने, कंपनीने किंवा माझ्या फोटोने काही बोलू नये. तिने कारण सांगायची गरज नाही. या जगात मला तोंडावर नाही म्हणणारी ती एकच होती, आणि तिच्यावाचून मी जे काही हो म्हटले ते जरा हलकेच राहिले. मला तिची फार आठवण येते. या वाक्याबद्दल वकीलबाईंनी विचारले, "ठेवायचं का, काका?" ठेवायचे आहे.

नमुना तिने याच खोलीत, मोठ्या खिडकीपाशी बसून, आपल्या पद्धतीने ऐकावा. सूनबाईने शेजारी बसावे आणि ऐकायला शिकावे, म्हणजे पुढे कधी मुलाची नोकरी बदलली तर हा हक्क तिच्याकडे जाईल.

धाकटीला ही नेमणूकच नको असेल, तर तिला तसे म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. मात्र तो नकार पत्राने, फोनने, वकिलामार्फत किंवा सूनबाईच्या हाती पाठवलेला चालणार नाही. तिने या खोलीत येऊन, स्टुलावर बसून, तोंडाने नाही म्हटले तरच तो नकार धरला जाईल. वकीलबाई म्हणतात असे कलम कोर्टात टिकणार नाही. कोर्टात टिकावे म्हणून ते लिहिलेलेच नाही.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट घालायला सांगितली. वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. त्यातलं एकच कलम आधी लागू करता येत नाही."

"करारात ‘लेखी नेमलेली व्यक्ती’ म्हटलंय ना?"

"हो."

"मेल्यावर नेमलेली, असं म्हटलंय?"

त्यांनी करार मागून घेतला, ते पान दोनदा वाचले आणि चष्मा काढला. "नाही म्हटलेलं," त्या म्हणाल्या. आणि मग, जे वकील सहसा म्हणत नाहीत ते म्हणाल्या, "मग इतकी वर्षं थांबलात कशाला?" मी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी नेमणुकीचा वेगळा कागदही लगेच करून दिला.

तरी, बाकीची सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम सहावे आजपासून अमलात आहे. नेमणुकीचा कागद आणि या कलमाची प्रत सूनबाईने आजच धाकटीच्या दुकानात नेऊन तिच्या हातात द्यावी, टपालाने पाठवू नये. खोके मी उघडलेले नाही. सकाळी मी खालीच असतो, दाराला कडी नसते. आता दार वाजलेले मला ऐकू येत नाही, तेव्हा तिने वाजवू नये, सरळ आत यावे.

हे सर्व मी वाचून पाहिले, वकीलबाईंनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खालील दोन साक्षीदारांसमोर सही करतो. आम्ही तिघांनी एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

सही : तारवाले
(येथे हे नाव वापरण्यास कंपनीची परवानगी लागत नाही, हे तपासून घेतले आहे.)

साक्षीदार पहिले : कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले. सही.

साक्षीदार दुसऱ्या : वकीलबाईंच्या कचेरीतील कारकूनबाई. सही. डोळे पुसण्यासाठी त्यांना थोडा वेळ दिला.

स्थळ : कारखान्याची खोली, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक : चौदा मार्च, सकाळी. सूनबाई प्रत घेऊन निघाली आहे.